कोटाच्या अस्तरातलं शहर

लिथुआनियाची राजधानी विल्नियस मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा साडेतीन तास, दुसऱ्यांदा नऊ दिवस. पहिल्या खेपेला रीगाहून वॉर्साला निघालेली आमच्या सहलीची बस तिथे जेवणापुरती थांबली होती. सहलीबरोबरच्या माणसाने माइकवरून सांगितलं, "इथे तसं बघण्यासारखं फार नाही. एक चर्च, एक बुरूज, मग जेवण." आम्ही चाळीसही जणांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. विटांचं चर्च पाहिलं, फोटो काढले आणि निघालो.

पुढे भाची नोकरीसाठी तिथेच राहायला गेली आणि "मावशी, तू एकदा ये तर खरी" म्हणून मागे लागली. ऑक्टोबरच्या अखेरीस गेले. त्या नऊ दिवसांत हाती लागलं ते लिहिते आहे.

१. ज्या शहराचं नाव मोठं नाही, त्याला जास्त दिवस द्यावेत.

पॅरिसला जाण्याआधीच पॅरिस आपल्याला माहीत असतं. आयफेल टॉवर समोर आला की ओळख पटते आणि दोन दिवसांतही काहीतरी पदरात पडतं. विल्नियसची आपल्याला कसलीच ओळख नसते. ती तिथे जाऊनच करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. गेदिमिनास राजाच्या १३२३ मधल्या पत्रांत या शहराचा पहिला लेखी उल्लेख सापडतो. विद्यापीठ १५७९ चं. आणि तरी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे शहर पोलंडकडे होतं. लिथुआनियाचा कारभार तेव्हा कौनास या 'तात्पुरत्या राजधानी'तून चाले. स्वतःच्या राजधानीची एवढी वर्षं वाट पाहिलेला देश आहे हा. साडेतीन तासांत ते कुठून कळणार?

२. पायी फिरावं, आणि वरून खाली यावं.

जुनं शहर उतारावर आहे. सुरुवात पहाटेच्या दरवाजापासून करावी. जुन्या तटबंदीचा हा एकच दरवाजा आता शिल्लक आहे. तिथून कॅथेड्रलच्या चौकापर्यंत सरळ रस्ता, जेमतेम दीड किलोमीटर, सगळा उताराचा. माझे गुडघे साठीचे आहेत, म्हणून हे आवर्जून सांगते.

त्या दरवाजाच्या वरच्या मजल्यावर मेरीची तसबीर आहे. चेहरा आणि हात सोडले तर सगळी चांदीने मढवलेली, हात छातीवर दुमडलेले. खिडकी उघडी असते, त्यामुळे खाली रस्त्यावरूनही दर्शन होतं. सकाळी साडेआठला दप्तर पाठीला लावलेला एक मुलगा कमानीखाली थांबला, टोपी काढली, क्षणभर वर पाहिलं आणि टोपी घालून शाळेकडे पळाला. जाता जाता हात जोडणारी माणसं आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर दिसतात. युरोपात मी ते इतक्या सहजपणे होताना प्रथमच पाहिलं.

३. संस्कृतची ओळख असेल तर ती बरोबर न्यावी.

मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. आज बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये लिथुआनियनने फार जुनी रूपं जपली आहेत, हे वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. स्टेशनजवळच्या हालेस बाजारात मध विकणाऱ्या आजीबाईंनी बरणी पुढे करून म्हटलं, "मेदुस." मधु! मग माझ्या तळहातावर सुट्टी नाणी मोजायला लागल्या. त्रीस, केतुरि, पेंकि, शेशि, सेप्तीनि, अश्तुओनि. आठपर्यंत येईतो माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या बाईंना वाटलं, पैसे कमी पडले म्हणून मी कष्टी झाले. त्यांनी एक नाणं परत दिलं.

त्या रात्री भाचीच्या स्वयंपाकघरात बसून यादी केली. सूनुस म्हणजे मुलगा, आपला सूनु. आविस म्हणजे मेंढी, संस्कृतातला अवि. उग्निस म्हणजे अग्नी, दूमाय म्हणजे धूर, नाक्तिस म्हणजे रात्र. वीरास म्हणजे पुरुष. दियेवास म्हणजे देव. या भाषा बहिणी-बहिणी आहेत. एक दुसरीपासून जन्मलेली नाही, हे मुलांना सांगायचे तसंच इथेही सांगते, कारण त्यात गफलत फार होते. पण भाचीच्या शेजारणीने एक म्हण सांगितली तेव्हा मी जागची उठलेच. 'दियेवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. आपण म्हणतो, ज्याने चोच दिली तो चाराही देईल.

४. चौकात उभं राहिल्यावर फरशीकडेही पाहावं.

कॅथेड्रलच्या चौकात सगळे वर पाहतात, घंटाघराकडे आणि टेकडीवरच्या बुरुजाकडे. घंटाघर आणि कॅथेड्रलच्या मध्ये जमिनीत एक फरशी बसवली आहे. तिच्यावर 'स्तेबुक्लास' अशी अक्षरं गोलात कोरली आहेत. स्तेबुक्लास म्हणजे चमत्कार. २३ ऑगस्ट १९८९ ला लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया या तीन देशांतल्या सुमारे २० लाख माणसांनी हातात हात धरून विल्नियसपासून रीगामार्गे टालिनपर्यंत ६०० किलोमीटरहून लांब साखळी केली. हिटलर आणि स्टालिनच्या सरकारांनी आपसांत करार करून हे देश परस्पर वाटून घेतले त्याला त्या दिवशी ५० वर्षं पुरी होत होती. साखळीचं हे टोक या फरशीपाशी होतं असं मानतात. फरशीवर उभं राहून गिरकी घ्यायची आणि मनात इच्छा धरायची, अशी पद्धत आहे. मीही घेतली.

११ मार्च १९९० ला लिथुआनियाने स्वातंत्र्य परत जाहीर केलं. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री दूरदर्शनच्या मनोऱ्यापाशी निःशस्त्र माणसं सोव्हिएत रणगाड्यांसमोर उभी राहिली. त्या रात्रीच्या हल्ल्यात १४ जणांचा जीव गेला. तो मनोरा जुन्या शहरापासून दूर आहे. लोक वरून देखावा पाहायला जातात. जावं, पण आधी पायथ्याशी थांबावं.

५. कुठल्याही शहरात एक गोष्ट अशी शोधावी, जिच्यामुळे बाकीचं शहर उलगडतं. इथे ती गोष्ट म्हणजे पुस्तकं.

तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या या मुलखातला १८६३ चा उठाव मोडून काढल्यावर झारच्या सरकारने लिथुआनियन भाषा रोमन लिपीत छापायला बंदी केली. छापायचं तर रशियन लिपीत छापा. ही बंदी १९०४ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं टिकली. लोकांनी सरकारी लिपीतली पुस्तकं नाकारली. शेजारच्या पूर्व प्रशियात प्रार्थनेची पुस्तकं, दिनदर्शिका, वर्तमानपत्रं छापून घेतली आणि रात्री सरहद्द ओलांडून, गवताच्या गाड्यांत नाहीतर अंगाला बांधून आणली. असं पुस्तक आणणाऱ्याला 'क्निगनेशीस' म्हणतात, पुस्तक वाहणारा. पकडला गेला तर तुरुंग किंवा सैबेरिया. शाळेत भाषा नाही, म्हणून आया घरी सूत कातता कातता मुलांना अक्षरं शिकवायच्या. पेत्रास रिम्शा या शिल्पकाराचं याच विषयावरचं शिल्प तिथे घराघरांत ठाऊक आहे. चरख्याशी आई बसली आहे आणि तिच्या गुडघ्याला टेकून मूल पुस्तक वाचतं आहे. मी शिक्षिका. त्या शिल्पाचं चित्र मी माझ्या टेबलावर आणून ठेवलं आहे.

आता याच शहरातली दुसरी गोष्ट. महायुद्धापूर्वी विल्नियसला 'लिथुआनियाचं जेरुसलेम' म्हणत, इतकं ज्यूंचं विद्येचं ठाणं मोठं होतं. नाझी आले. ज्यूंना घेट्टोत कोंडलं आणि त्यांच्यातल्याच विद्वानांना कामाला लावलं. ज्यू ग्रंथालयांतली मोलाची पुस्तकं निवडून जर्मनीला पाठवा, उरलेली कागदाच्या गिरणीत लगद्याला द्या, असा हुकूम होता. या गटाला लोक 'कागदी पलटण' म्हणायला लागले. अब्राहम सुत्स्केवर हा यिडिश कवी त्यात होता. दिवसभर काम करून घेट्टोत परतताना ही माणसं कोटाच्या आत, कपड्यांखाली, कमरेला बांधून हस्तलिखितं आणि पुस्तकं नेत. फाटकावर झडती असे. सापडलं तर मरण. घरी मुलं उपाशी आणि हे कोटात लपवून कागद आणत होते. भुयारात, तळघरात, भिंतीच्या पोकळीत ते दडवत होते.

त्यांच्यातले बहुतेक मारले गेले. जे वाचले त्यांनी नाझी गेल्यावर परत येऊन कागद उकरून काढले आणि त्यांचं ज्यू संग्रहालय उभं केलं. मग सोव्हिएत सरकारला ते संग्रहालय नकोसं झालं. तेव्हा अंतानास उल्पिस नावाच्या लिथुआनियन ग्रंथपालाने तो ठेवा संत जॉर्जच्या जुन्या चर्चमध्ये, जिथे सरकारी पुस्तकभांडार होतं, इतर कागदांच्या ढिगांत लपवून ठेवला. सोव्हिएत काळ सरत आला तेव्हा तो उजेडात यायला लागला.

म्हणजे एका भाषेच्या माणसांनी झारपासून पुस्तकं लपवली, दुसऱ्या भाषेच्या माणसांनी हिटलरपासून, आणि पहिल्या भाषेच्या एका माणसाने दुसऱ्या भाषेची पुस्तकं स्टालिनपासून लपवली. हे कळल्यावर मी पुन्हा झिदू गात्वेला, म्हणजे ज्यूंच्या गल्लीत गेले. तिथलं मोठं सिनेगॉग युद्धात जळालं, सोव्हिएत काळात ते पाडलं आणि त्या जागी शाळा बांधली. आदल्या दिवशी मी तिथून काहीच नाही म्हणून पुढे गेले होते. आता अर्धा तास उभी होते.

६. दोन जड ठिकाणं एका दिवसात करू नयेत.

मी केली आणि चूक झाली. सकाळी केजीबीच्या जुन्या इमारतीतलं संग्रहालय पाहिलं. तिच्या बाहेरच्या दगडांवर मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. येणारी-जाणारी माणसं बोटाने ती नावं वाचतात. आत तळघरात कोठड्या आहेत. दुपारी तशीच गाडीने पानेर्यायला गेले. विल्नियसहून दहा किलोमीटरवरचं पाइनचं जंगल. सोव्हिएत सैन्याने तेलाच्या टाक्यांसाठी तिथे मोठे खड्डे खणले होते. नाझींना ते आयते मिळाले. १९४१ ते १९४४ मध्ये तिथे सुमारे ७० हजार ज्यू आणि त्यांच्याबरोबर हजारो पोल व रशियन मारले गेले. शेवटी पुरावा नष्ट करायला कैद्यांकडूनच प्रेतं उकरून जाळली. त्या कैद्यांनी रात्री चमच्यांनी आणि हातांनी ३० मीटरहून लांब भुयार खणलं आणि १५ एप्रिल १९४४ ला पळायचा प्रयत्न केला. जेमतेम डझनभर वाचले.

आता खड्ड्यांवर गवत आहे. जवळूनच रेल्वे जाते. मी त्या संध्याकाळी जेवले नाही आणि दुसरा दिवस अंथरुणात काढला. पानेर्यायला स्वतंत्र दिवस द्यावा, आणि शक्य तर कुणाला सोबत न्यावं.

७. शाकाहाऱ्यांनी बटाट्यावर भरवसा ठेवावा.

किसलेल्या बटाट्याची धिरडी आणि आंबट साय, रायचा काळा पाव, रानातल्या अळंब्या. उन्हाळ्यात बिटाचं गार, गुलाबी सूप मिळतं, ताकासारख्या केफिरमध्ये कालवलेलं, वर शेपू, आणि बाजूला वाफाळते उकडलेले बटाटे. आमच्या सहलीच्या टेबलावर ते आलं होतं आणि बहुतेकांनी रंग पाहूनच सरकवलं. मला मात्र आमसुलाचं सार आणि कोशिंबीर एकत्र आल्यासारखं वाटलं.

८. उझुपिसला सकाळी लवकर जावं.

विल्नेले नदीच्या वळणातली ही वस्ती. चित्रकार-कवींनी १ एप्रिल १९९७ ला तिथे आपलं प्रजासत्ताक जाहीर केलं. ४१ कलमांची त्यांची राज्यघटना वेगवेगळ्या भाषांत आरशासारख्या पत्र्यांवर भिंतीला लावली आहे. वाचताना आपलाच चेहरा त्यात दिसतो. दहानंतर गर्दी होते. मला त्या आरशांपेक्षा पुढचं नदीच्या काठाचं बर्नार्डीन कब्रस्तान अधिक जवळचं वाटलं.

९. जायची तारीख तिथल्या लोकांच्या दिनदर्शिकेत पाहून ठरवावी.

मी विमानाचं तिकीट स्वस्त म्हणून ती तारीख घेतली होती. पण १ आणि २ नोव्हेंबरला तिथे वेलिनेस असतात, आपल्या सर्वपित्रीसारखे पितरांचे दिवस. पाच वाजायच्या आत अंधार पडला. भाचीने दोन मेणबत्त्या घेतल्या, काचेच्या भांड्यातल्या, आणि आम्ही रासोस कब्रस्तानात गेलो. चढउताराची जागा, मोठमोठी झाडं, ओली पानं, आणि अख्खा उतार दिव्यांनी भरलेला. हजारो माणसं, पण आवाज फक्त पाचोळ्यावरच्या पावलांचा.

पोलंडचा नेता पिल्सुद्स्की याचं हृदय तिथे त्याच्या आईच्या कबरीत पुरलेलं आहे. त्याच कब्रस्तानात योनास बासानाविचुस विसावला आहे, १९१८ च्या लिथुआनियन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. हे शहर कुणाचं, यावर दोघांच्या माणसांचं हाडवैर. दिवे दोन्हीकडे सारखेच होते.

मी कोल्हापूरची. आमच्याजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. रशियाने घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेले, तिथून इराणमार्गे आपल्याकडे आलेले. त्यातले अनेक जुन्या पोलंडच्या याच पूर्वेकडच्या मुलखातले. तिथे वारलेल्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. त्यांच्या मुलखातली माणसं तिथवर दिवा घेऊन कशी येणार?

वाटेच्या कडेला एक कबर काळोखात होती. दगडावरची पोलिश अक्षरं झिजलेली. मी तिथे मेणबत्ती ठेवली. वाऱ्याने काडी टिकेना. शेजारच्या कबरीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या मेणबत्तीवरून माझी पेटवून दिली आणि काहीतरी विचारलं.

"मावशी, त्या विचारतायत, हे तुमचे कोण?"

"माहीत नाही म्हणून सांग."

भाचीने सांगितलं. बाईंनी मान हलवली, खाली वाकल्या आणि दगडावरची ओली पानं हाताने बाजूला करायला लागल्या.