कासचा सडा, हरिपूरची पेवे आणि संशोधनाची वाट

बारावीच्या निकालानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घराघरांत होणारी चर्चा बहुधा वैद्यकीय आणि अभियांत्रिकी या दोन दारांपाशीच घुटमळते, आणि तेथे प्रवेश न मिळालेला मुलगा वा मुलगी ‘नुसती बी.एस्सी.’ करते असे सांगताना पालकांचा स्वर नकळत खाली येतो. विज्ञान शाखेच्या पदवीनंतर शिक्षकी पेशाखेरीज काही उरत नाही, आणि संशोधन हे कोठे तरी दूरच्या शहरात, असामान्य बुद्धीच्या माणसांनी करायचे काम आहे, अशा दोन समजुती या स्वरामागे असतात. प्रत्यक्षात या दोन जिल्ह्यांच्या माती-पाण्यातूनच संशोधनाचे इतके निरनिराळे विषय उभे राहिले आहेत की, ते पाहिल्यावर ‘संशोधनात जायचे’ हा शब्दप्रयोगच फार ढोबळ वाटू लागतो.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचे उदाहरण घ्यावे. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. तथापि पर्यटकाला तेथे फुलांचा गालिचा दिसतो, तर वनस्पतिशास्त्रज्ञाला एक कोडे दिसते. जांभ्या खडकाच्या सड्यावर, म्हणजे जवळजवळ उघड्या कातळाच्या सपाटीवर, मातीचा थर अत्यंत पातळ असतो आणि त्यात नत्राची वाण असते; मग अशा जागी वनस्पती जगतात कशा? दवबिंदू ही वनस्पती पानांवरील चिकट थेंबांत कीटक पकडते, सीतेची आसवे ही वनस्पती सूक्ष्म पिशव्यांत जलजीव ओढून घेते, आणि मातीत न मिळणारे नत्र दोघीही शिकारीतून मिळवतात. वायतुरा ही कंदवर्गीय वनस्पती सड्यावरील पाणी आटले की जमिनीखालच्या कंदाच्या रूपाने कोरडे महिने काढते. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या दुभंगलेल्या तुऱ्यामुळे तिला हे मराठी नाव मिळाले, आणि 1982 साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव गुंफले गेले. ज्या जिल्ह्याचे नाव एका वनस्पतीने जगभर नेले, त्या जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांना ती ओळखता येते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

वनस्पतींची ओळख, नामकरण आणि वर्गीकरण करणाऱ्या या शाखेला वर्गीकरणशास्त्र म्हणतात. 1962 साली स्थापन झालेल्या आणि आज कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांसाठी असलेल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने या शाखेत नाव कमावले असून, कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जातींचे जतन हा तेथील कामाचा विशेष भाग राहिला आहे. कंदीलपुष्पाच्या नळीतील केस आत शिरलेल्या माशीला काही काळ कोंडून ठेवतात आणि ते केस सुकल्यावरच परागकणांसह तिची सुटका होते. या एका यंत्रणेचा उलगडा करायचा तर वनस्पतिशास्त्राबरोबर कीटकशास्त्र आणि फुलाच्या गंधाचे रसायनशास्त्रही लागते. एका फुलापाशी तीन शास्त्रे अशी एकत्र येत असल्याने, पदवीच्या पहिल्या वर्षी निवडलेला विषय जन्माची गाठ असल्यासारखे पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

सांगलीकडे वळले की प्रश्नांचा पोत बदलतो, कारण तेथे संशोधन थेट बाजारपेठेला जाऊन भिडते. कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे आहेत. तोंड बंद केल्यावर आतला प्राणवायू घटतो, कीड जगत नाही आणि हळद दीर्घकाळ टिकते, मात्र याच कारणामुळे पेव उघडल्यावर काही काळ हवा खेळू दिल्याशिवाय जाणता माणूस आत उतरत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेल्या या तंत्रात मृदाशास्त्र, कीटकशास्त्र आणि अन्नतंत्रज्ञान या तिन्हींना पुरेल एवढे काम आहे, आणि 2005 च्या महापुरात अनेक पेवांचे नुकसान झाल्याने त्याची निकडही वाढलेली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्रात हळदीच्या जातींवर संशोधन होते. तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागाईतदाराला छाटणीपासून काढणीपर्यंत केवडा आणि भुरी या रोगांशी झगडावे लागते, आणि त्यासाठी फवारलेल्या औषधांचे अंश निर्यातीच्या मालात किती उरले हे मोजण्यासाठी विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ लागतो. 2010 साली एका वाढ-नियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा या मोजमापाची किंमत सर्वांनाच कळली.

पुन्हा सातारा जिल्ह्यात आले तर तेथे संशोधनाची केंद्रेही निरनिराळी दिसतात; पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 पासून कार्यरत आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा प्रश्न जगभरातील भूशास्त्रज्ञांपुढे आला, आणि त्याच प्रश्नाच्या मागावर केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराड येथे काम करते. त्यासाठी कोयना परिसरात 3 किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जी विद्यापीठ नसूनही संशोधनाची उत्तम शाळा आहे, सुंदरबनातील गारोळ मेंढीत आढळणारे जुळ्या कोकरांचे जनुक दख्खनी मेंढीत आणले. माणदेशी मेंढपाळाचा संसार आणि रेणूंच्या पातळीवरील आनुवंशशास्त्र यांची अशी गाठ पडू शकते, हे वैद्यकीय प्रवेश हुकल्याने खचलेल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोणी तरी सांगायला हवे.

आरोग्यक्षेत्राबाबत तर गैरसमज अधिकच दाट आहे, कारण तेथे संशोधन म्हणजे डॉक्टरांचे काम असे गृहीत धरले जाते. मिरजेत 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारले आणि पुढे सांगली-मिरज दरम्यान क्षयरुग्णांसाठी वानलेसवाडी वसली. त्या क्षयरोगाचाच विचार केला तर साध्या क्षयाचा औषधोपचार किमान सहा महिने चालतो, आणि बरे वाटू लागताच रुग्ण मध्येच गोळ्या का सोडतो, या प्रश्नाचे उत्तर एकट्या जंतुशास्त्रज्ञाला देता येत नाही. थुंकीचा नमुना तपासणारा तंत्रज्ञ, दुष्परिणामांची नोंद ठेवणारा औषधनिर्माता, घरी जाऊन विचारपूस करणारी आशा सेविका, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करणारा समाजशास्त्रज्ञ यांची माहिती एकत्र आल्याखेरीज ते उत्तर पूर्ण होत नाही. निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे एकाच रुग्णासाठी मिळून कसे काम करतात, माहिती कोठे गळते आणि निर्णय कोण घेते, याचा पद्धतशीर अभ्यास हा आज आरोग्य संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ असो वा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशा अभ्यासाला लागणारा रुग्णवर्ग आणि मनुष्यबळ या परिसरात आहे. त्यामुळे परिचर्या, भौतिकोपचार वा औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्यांनी स्वतःला संशोधनापासून दूर मानू नये.

पालकांचा खरा प्रश्न पोटापाण्याचा असतो आणि तो रास्त आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि त्यानंतर 42,000 रुपये मिळतात. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थाही आपापल्या समाजगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. तथापि अधिछात्रवृत्तीविना पीएच.डी. करणाऱ्यांची ओढाताण होते आणि प्राध्यापकपदाची भरती वर्षानुवर्षे रखडते, हे लपवून मार्गदर्शन करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणून बी.एस्सी.च्या काळातच प्रयोगशाळेतील उपकरणे हाताळणे, संख्याशास्त्राची किमान जाण मिळवणे आणि इंग्रजीत नेमके लिहिणे ही तीन कौशल्ये विद्यार्थ्याने कमवावीत, कारण औषध कंपन्या, बियाणे उद्योग आणि तपासणी प्रयोगशाळा याच कौशल्यांना पगार देतात.

2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षे लागतात, आणि तेवढा काळ विद्यार्थ्याचे भले-बुरे विषयाच्या नावापेक्षा मार्गदर्शकावर अधिक अवलंबून असते. म्हणून नोंदणी करण्यापूर्वी त्या मार्गदर्शकाच्या मागील चार-पाच विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष भेटावे, त्यांना किती वर्षे लागली आणि ते आज काय करतात हे विचारावे, आणि या भेटीला शक्यतो पालकांनीही सोबत जावे.