सोळा फ्लॅट, एक टाकी

लेआउटमधलं घर विकून २०१४ साली आम्ही त्रिमूर्तीनगरच्या बाजूला एका चार मजली इमारतीत राहायला आलो. तोवर मी पक्का नागपुरी प्लॉटवाला : माझी भिंत, माझी विहीर, माझा आंबा. पुढच्याच वर्षी असोसिएशनचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं. पात्रता एवढीच की त्या दिवशी मीटिंगला मी वेळेवर पोचलो होतो! दहा वर्षं ते निभावलं. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. भांडण्याआधी कागद वाचा.
आमच्याकडे सगळे सर्रास 'सोसायटी' म्हणतात, पण नागपुरातल्या कितीतरी इमारती सोसायटी नसतातच. सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली येते. आमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची. त्यात बिल्डर 'डीड ऑफ डिक्लरेशन' नोंदवतो आणि प्रत्येक फ्लॅटमागे जमिनीत, जिन्यात, गच्चीत किती टक्के अविभक्त हिस्सा, ते त्यात लिहिलेलं असतं. सामाईक खर्चही त्याच टक्क्याने वाटायचा. आमच्या थ्री बीएचकेवाल्यांचं म्हणणं होतं, पुण्याला भावाच्या सोसायटीत सगळ्यांना सारखाच मेंटेनन्स आहे, मग इथे का नाही? दोन मीटिंगा यात गेल्या. तिसरीला कोणीतरी डीडची झेरॉक्स आणली. टू बीएचकेला ५.२ टक्के, थ्री बीएचकेला ७.३. विषय पाच मिनिटांत संपला. ती झेरॉक्स आधीच्या आठ महिन्यांत एकानेही उघडून पाहिली नव्हती, मीही नाही.

२. पाणी कोण पितं ते कूलरला विचारा.
मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि दुपारी तीनला आमची गच्चीवरची टाकी कोरडी. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही टँकर मागवले आणि एकमेकांवर संशय घेतला. तिसऱ्या मजल्यावर पाहुणे फार येतात, चौथ्यावरच्या वहिनी रोज गॅलरी धुतात, अशी कुजबुज. तिसऱ्या वर्षी मी प्लंबरला घेऊन भर दुपारी दारोदार फिरलो. सोळा फ्लॅट, सव्वीस कूलर. त्यातल्या पाच कूलरचे बॉल कॉक बिघडलेले. टाकी भरली तरी नळ चालूच, आणि जास्तीचं पाणी मागच्या पाइपातून गुपचूप नालीत. घरच्यांना पत्ताच नाही, कारण कूलर खिडकीबाहेर आणि माणसं पडदे ओढून आत झोपलेली.

एक गोष्ट तेव्हा कळली. शेजारी म्हणून मी बेल वाजवून 'तुमचा कूलर बघू' म्हटलं असतं, तर वर्षभराचा अबोला झाला असता. असोसिएशनच्या नावाने गेलो तर प्रत्येक घरात आधी पाणी विचारलं गेलं, मग कूलर दाखवला गेला. तेव्हापासून गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्लंबर सगळे कूलर तपासतो, पैसे असोसिएशनचे. वाळ्याच्या ताट्या मात्र ज्याच्या त्याने बदलायच्या. खालच्या गॅलरीतल्या कुरड्यांवर वरच्या कूलरचं पाणी टपकण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो कुठल्याच उपविधीत बसत नाही.

३. गच्ची कोणाची?
सर्वांची. पण किल्ली चौथ्या मजल्याकडे असायची, त्यामुळे हळूहळू गच्चीही त्यांचीच झाली. दुसरी किल्ली करून वॉचमनच्या खोलीत टांगली, बस्स.

खरी अडचण २०२४ मध्ये सोलरच्या वेळी आली. सूर्यघर योजनेत इमारतीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालले तर मेंटेनन्सचा मोठा भार उतरतो. अर्ज करायला बसलो तर सामाईक मीटर अजून बिल्डरच्याच नावावर! दहा वर्षं बिल भरत होतो, नाव एकदाही वाचलं नाही. ते बदलण्यात चार महिने गेले. नव्या इमारतीत राहायला गेलात तर पहिल्या महिन्यात हे काम उरका.

४. लिफ्ट वापरत नाही, पैसे देणार नाही.
हे वाक्य प्रत्येक इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राहतं. उत्तर कलम एकमध्ये.

५. फोनची यादी भिंतीवर हवी.
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझा मामेभाऊ त्याच पट्ट्यात राहतो. त्यांच्या वॉचमनने एकेक दार ठोठावलं : "उठा ना जी, खाली पाणी घुसून रायलं!" त्याच्या खोलीत सगळ्यांचे नंबर लिहिलेला पुठ्ठा होता, मेन स्विच कुठे ते दोघांना ठाऊक होतं, म्हणून मीटरबोर्डापर्यंत पाणी चढायच्या आत वीज बंद झाली. तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना खुर्चीत बसवून वर नेलं. गाड्या मात्र गेल्या.

त्या आठवड्यात आम्हीही पुठ्ठा टांगला. कोण एकटं राहतं, कोणाची मुलं बंगलोरला, कोणाकडे कोणाच्या घराची दुसरी किल्ली आहे. ही यादी करताना समजलं की दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या मुलाचा नंबर आमच्यापैकी एकाकडेही नव्हता.

६. गणपूर्तीसाठी तर्री-पोहे.
नोटिशीत विषयपत्रिकेच्या खाली लिहायचं. उपस्थिती पाचवरून तेरावर गेली.

७. सगळ्यात जास्त भांडणाऱ्याला खजिनदार करा.
पहिल्या मजल्यावरचे काका, तेच लिफ्टवाले, दर मीटिंगला हिशेब मागायचे. मी वैतागून वह्याच त्यांच्या हवाली केल्या. पंधरा दिवसांत त्यांनी शोधून काढलं की पंपाच्या देखभालीचे पैसे आम्ही एका वर्षी दोनदा दिले होते. ते परतही आणले. आता लिफ्टचे पैसे वसूल करायला तेच जातात, आणि स्वतःचे एक तारखेला भरतात.

गेल्या वर्षी मी पद सोडलं. परवा काका जिन्यात भेटले. मला वाटलं, तब्येतीची चौकशी करतील. म्हणाले, "२०१९ च्या मार्चमधलं फिनाईलचं १४० रुपयांचं व्हाउचर फाइलीत नाही जी."

शोधतो आहे.