तुरुंगाआधी उपचाराचे दार



मिस्सेनंतर एका आईने आम्हाला हळूच विचारले, "मुलगा गांजा ओढतो. पोलिसांत गेले तर त्याचे आयुष्य गेलेच ना?" तिने हे घरातही कोणाला सांगितले नव्हते. आपल्या सांगली जिल्ह्यात २०२४ साली कुपवाडला आणि २०२५ साली विट्याजवळ कार्वे येथे एमडीचा साठा पकडला गेला. तेव्हा ही भीती शिराळ्यातल्या एकाच घराची नाही.

१९८५ चा एन.डी.पी.एस. कायदा कडक आहे, आणि मोठा साठा बाळगणाऱ्यांसाठी तो तसाच असावा. पण याच कायद्यात व्यसनी माणसासाठी दोन दारे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा (गांजा एक किलो, चरस १०० ग्रॅम, हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत) आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य केंद्रात पूर्ण उपचार घेईल, तर कलम ६४-ए प्रमाणे त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट टाकले, तर हे संरक्षण काढून घेता येते. दुसरे दार कलम ३९ चे. दोषी ठरल्यावरही न्यायालय त्याच्या संमतीने, लगेच शिक्षा न सुनावता, बंधपत्रावर त्याला उपचारासाठी सोडू शकते. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल द्यायचा. तो समाधानकारक असला, तर पुढे तीन वर्षांपर्यंत गुन्ह्यापासून दूर राहण्याचे बंधपत्र लिहून घेऊन सोडता येते.

भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०) आपण तेल आणि द्राक्षारसापाशीच थांबतो. पण तो जखमीला उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि परत येईन म्हणतो. उपचाराला असाच वेळ, पैसा आणि परत येणारा माणूस लागतो. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले, ती अशीच उतारशाळा. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचे १९८६ चे मुक्तांगण पुण्यात येरवड्याला आहे. येरवडा म्हटले की आपल्याला फक्त तुरुंगच आठवतो!

त्या आईला आम्ही सांगितले, अटकेची वाट पाहू नका, आजच मुलाशी बोला. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत दूरध्वनी आहे. अटक झालीच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. त्या वकिलाला कलम ६४-ए ची आठवण तुम्हीच करून द्या.