यंत्रमानवाचा पाया : किती लांब, किती रुंद?

मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे धावणारी, आता बंद पडलेली आपली शकुंतला आठवा. तिच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे 30 इंच. ज्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये मुंबईचे विद्यार्थीही उतरले आहेत, तिच्या 2024 च्या नियमांत यंत्राच्या चौकटीची परिमिती 120 इंचांपर्यंतच हवी होती. चौरस पाया घेतल्यास बाजू तेवढीच, 30 इंच!

तीच परिमिती 26 व 34 इंच अशी विभागली, तर क्षेत्रफळ 900 वरून 884 चौरस इंचांवर येते. हा फरक किरकोळच. चालीतला मात्र मोठा. रुंदी घटली की उंच हात असलेले यंत्र बाजूला कलंडते. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर वाढले की वळताना चाके घासतात, मोटारीवर ताण येतो. म्हणून सहा चाके असल्यास मधली जोडी अष्टमांश इंच खाली बसवितात. आणि हो, मापे चौकटीची नव्हे, चाकांमधली धरावीत. चाके आत असतात.

स्पर्धा नसलेल्या महिन्यांत महाग अॅल्युमिनियम कापण्याची घाई कशाला? आधी प्लायवूडचा पाया करावा, हाताच्या उंचीवर वीट बांधावी, एक बाजू हळूहळू उचलावी आणि कलंडण्याचा कोन वहीत लिहावा. दोन्ही मापांचे कोन शेजारी मांडले की निवड करता येते.