लाकडावर काम घेऊ नकोस

अकोला,
चैत्र वद्य

चि. भाच्यास,


बाळापुरातल्या एका वाड्यामागचा जुना कडुनिंब तू अंगावर घेतला आहेस, मजुरी पैशात नाही तर लाकडात ठरली आहे, आणि सोबत घेतलेला पोरगा दोराशिवाय वर चढतो आहे, अशी बातमी माझ्यापर्यंत आली. आणणाऱ्याने ती कौतुकाने आणली, भाचा मोठा हिंमतवान निघाला म्हणे. हिंमतीचं मला सांगू नकोस. आपल्या घरात हिंमत कधी कमी नव्हती, कमी पडला तो हिशेब, आणि कुणाकुणाचा पडला ते तुला नावानिशी ठाऊक आहे. तू नोकरी सोडून हा धंदा धरलास तेव्हा सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मला मात्र तेव्हाही तो वेडेपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. झाडावर चढून त्याची जाणतेपणी छाटणी करणारा माणूस या तालुक्याला हवाच आहे. माझं भांडण आहे ते लाकडावर काम घेण्याशी, आणि हे पत्र तेवढ्यासाठीच आहे.

तू म्हणशील, यात नवीन काय? वऱ्हाडात धुऱ्यावरची बाभूळ अशीच जाते. कापणारा येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो, लाकडाचा अंदाज बांधतो, उलट कास्तकाराच्याच हातावर चार पैसे ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करून देतो. बाभळीच्या बाबतीत ते चालून जातं, कारण तिथे झाड तोडायचं हे आधीच ठरलेलं असतं. तुझ्याकडे माणूस येतो तो प्रश्न घेऊन: हे झाड ठेवू की काढू? त्या प्रश्नाच्या एका उत्तरात तुला ट्रॉलीभर लाकूड आहे आणि दुसऱ्यात काहीच नाही, अशी व्यवस्था तूच करून ठेवलीस, तर तुझं उत्तर कितीही प्रामाणिक असलं तरी त्यावर कुणी का विश्वास ठेवावा? न्हाव्याला केसांच्या वजनावर पैसे मिळू लागले तर गावात एकाच्या तरी डोक्यावर केस राहतील का? आणि याहून वाईट भाग पुढेच आहे. लाकडावर काम करणाऱ्याला भरीव, निरोगी झाड हवं असतं. आतून पोकळ झालेलं, बुंध्याशी कुजलेलं, म्हणजे खरोखर माणसं मारू शकेल असं झाड त्याला नको असतं, कारण वखारीत त्याला भाव नाही आणि ते उतरवायला मेहनत दुप्पट. म्हणजे ज्याला काढायला हवं ते उभं राहतं आणि ज्याला राहू द्यायला हवं ते जातं. धोका कमी करण्याच्या नावाने चाललेला धंदा धोका तसाच ठेवून सावली मात्र घेऊन जातो.

9 एप्रिल 2023 ची संध्याकाळ तुझ्या तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. पारसला बाबूजी महाराज संस्थानात वादळी पावसात जुना कडुनिंब टिनाच्या शेडवर कोसळला आणि शेडखाली आसऱ्याला थांबलेल्यांपैकी सात माणसं गेली. त्यानंतर घराशेजारच्या मोठ्या कडुनिंबाकडे कुणी धास्तीने पाहिलं तर त्याला हसू नये. ती भीती खरी आहे. पण भ्यालेला माणूस भाव विचारत नाही, ‘काढून टाका’ एवढंच म्हणतो, आणि लाकडावर काम घेणाऱ्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक कोणतं? तुझं काम त्या क्षणी थांबून पाहण्याचं आहे. बुंध्याशी भूछत्रासारखी टणक बुरशी आली आहे का? लाकडी हातोडीने खोड वाजवत गेलं की कुठे आवाज पोकळ होतो? आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण त्यांचं जाळं असतं. बुंध्याभोवती कमानीसारखी एकच भेग दिसली आणि एका बाजूची माती उचललेली वाटली तर मुळं सुटत आहेत असं समज. मुळांवर सिमेंटचे ब्लॉक बसवलेत का, नालीसाठी एका बाजूची मुळं छाटली आहेत का, हेही विचार. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं ते उगाच नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा शेकडो वर्षांचा वड 2020 मध्ये लोकांनी महामार्ग वळवायला लावून वाचवला. कुऱ्हाड टळली, पण रस्ता झाला तो त्याच्या शेजारूनच, आणि दोन वर्षांनी तो वड कोसळला. झाडाचं बरंचसं मरण जमिनीत असतं, आणि जमिनीतल्या पाहणीतून एक काडीसुद्धा लाकूड निघत नाही. म्हणून लाकडावरचा माणूस खाली पाहतच नाही.

वर चढल्यावरही तीच गत. लाकडासाठी कापणारा जाड फांदी शोधतो, तीही खोडाला घासून कापतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरून शेंडाच उडवून झाड बोडकं करतो. अमेरिकेतले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहण्यात उभा जन्म घालवला. त्यांचा निष्कर्ष असा की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंती घालतं आणि तो भाग कायमचा कोंडून टाकतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर कडा राखून कापलं तर त्या भिंती पक्क्या होतात. कडाच कापून नेला तर कूज सरळ खोडात उतरते. म्हणून आधी खोडापासून हातभर पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्याही थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता पडते, आणि उरलेला खुंट शेवटी कड्याबाहेर. जखमेवर डांबर फासायची गरज नाही. बोडक्या केलेल्या झाडाला वर्षाभरात दाट धुमारे फुटतात, मालकाला वाटतं झाड हिरवं झालं. पण ते धुमारे वरच्या थरातच धरलेले असतात, खाली कूज चढत असते, आणि पाचसात वर्षांनी तेच जड होऊन वादळात मोडतात. आज ज्याचा धोका काढला म्हणून लाकूड नेलंस, त्याचा पुढचा धोका तूच पेरून आलास.

आता तुझं उत्तर मला इथे बसून ऐकू येतं: मामा, पैसे देतं कोण? बाळापूर म्हणजे पुणं नाही. बरं. मग वाडेगावच्या लिंबूवाल्यांना विचार, अचलपूर-चांदूरबाजारकडच्या, वरुड-मोर्शीच्या संत्रेवाल्यांना विचार. बहार उतरल्यावर झाडातली सल काढायला ते मजुरी रोख मोजतात आणि वर बोर्डो मलम लावून घेतात. सल म्हणजे वाळकी काडी, चुलीत घालण्यापलीकडे तिची किंमत काय? तरी पैसे मिळतात, कारण काढलेल्या काडीपेक्षा राहिलेलं झाड मोलाचं आहे हे त्या कास्तकाराला कळतं. म्हणजे छाटणीला पैसे देण्याची रीत वऱ्हाडात आहेच. ती बागेच्या कुंपणाबाहेर आणणं हाच तुझा धंदा. सुरुवातीला गावातली कामं वर्षभर पुरणार नाहीत हे मला मान्य आहे. मग हंगामात बागा कर, शाळा-मंदिरांची आवारं धर. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याच्या घरावर झुकलेली एक वाळकी फांदी तेवढी काढून दे आणि बाकीचं पुढच्या वर्षी म्हण. पाहणीचे पैसे वेगळे सांग, कामाचे वेगळे, आणि लाकूड मालकाचं. त्याला नको असेल तर त्याच्यासमोर वखारीत तोलून रक्कम बिलातून वजा कर. दुसरे लाकडावर करतात म्हणून तुझं गिऱ्हाईक तुटेल, हेही काही काळ होईल. तुटू दे. ज्याला फुकट तोडून हवं आहे तो तुझं गिऱ्हाईक कधी नव्हताच.

कायद्याचं तुला माहीत असेल, तरी लिहितो, कारण लाकडावरच्या कामात कागद कोणीच करत नाही आणि शेवटी सापडतो तो करवतवाला. बाळापूर नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे. झाड जाळणं, कापणं, कोणत्याही रीतीने इजा करणं हे सगळं त्यात तोडण्यातच धरलेलं आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढचं झाड वारसा झालं, आणि तोडायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. तुझा तो वाड्यामागचा कडुनिंब पन्नाशीच्या अलीकडचा आहे का? हद्दीबाहेर वावरात गेलास की 1964 चा कायदा. त्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग आहेत, कडुनिंब नाही. मालकाने तोंडी ‘परवानगी आहे’ म्हटलं तर कागद माग. पावसाळ्यात चिंचेवर बगळ्यांची घरटी असतात तेव्हा तर हातच लावू नकोस. केरळात मलप्पुरमला 2022 मध्ये महामार्गासाठी घरट्यांसकट झाड पाडलं, पिल्लं मेली, आणि वन्यजीव कायद्याखाली मशीन चालवणाऱ्यालाही धरलं.

आता त्या पोराचं आणि तुझं. इथे मी रागावणार आहे, तू रागावलास तरी चालेल. लाकडाच्या मोबदल्यात दोराचे पैसे बसत नाहीत, हेल्मेटचे बसत नाहीत, खाली उभ्या राहणाऱ्या तिसऱ्या माणसाची मजुरी बसत नाही, म्हणून ती तिन्ही गाळली जातात. मी पुन्हा पुन्हा लाकडावर येतो ते एवढ्यासाठी. विहिरीचा नायलॉनचा दोर हा चढायचा दोर नव्हे. वर चेनसॉ चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असायला हवं, कारण करवत लाकूड आणि दोर यांत फरक करत नाही. एका हाताने चेनसॉ धरायची नाही, खांद्याच्या वर न्यायची नाही. महावितरणची तार जवळ असेल तर लाइनमन कितीही ओळखीचा असो, रीतसर परमिट घेऊन, लाइन बंद करून, अर्थिंग टाकल्याशिवाय चढायचं नाही. बंद तारेत कुणाच्या जनरेटरचा उलटा करंट येतो तेव्हा ओळख कामाला येत नाही. विमा कोण देतो म्हणशील. नारळ विकास मंडळाने 2011 पासून नारळावर चढणाऱ्यांना शिकवलंही आणि त्यांचा विमाही काढला. तुझ्याजवळच्या बँकेत वर्षाला 20 रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा मिळतो, अपघाती मृत्यूला 2 लाख. तो दोघांचा आजच्या आज काढ. पण तेवढ्यावर थांबू नकोस. झाडं तोडणारा मजूर 1923 च्या भरपाईच्या कायद्यातही नावानिशी धरलेला होता. त्या पोराला काही झालं तर ‘तो लाकडात भागीदार होता’ हे तुझं म्हणणं कोण ऐकेल? आणि त्याच्या मायला तू काय सांगशील?

फार बोललो. खरं तर आमच्या पिढीने तुला उपदेश करावा असं फारसं काही आम्ही केलेलं नाही. सामाजिक वनीकरणाच्या त्या दिवसांत आम्ही जिथे जागा दिसली तिथे सुबाभूळ, निलगिरी, गुलमोहर लावत सुटलो. तारांखाली लावली, भिंतींना चिकटून लावली, आणि लावून मोकळे झालो. झाड लावण्याचे फोटो निघाले, ते सांभाळायचं कसं हे कुणी शिकलं नाही. ते निस्तरायचं काम आता तुझ्या अंगावर आलं आहे आणि त्यासाठी तू उन्हात पंचेचाळीस डिग्रीत झाडावर चढतोस, याची मला लाज वाटते आणि तुझा अभिमानही वाटतो. तुझा हात चांगला आहे, तुला झाड दिसतं, हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, मला ठाऊक आहे. म्हणूनच एवढं लिहिलं.

त्या कडुनिंबाचा गुत्ता मोड. मालकाला जाऊन सांग की आधी पाहणी करतो, कागद करतो, मग काय कापायचं ते सांगतो, आणि लाकूड तुमचंच. त्याने नाही म्हटलं तर काम सोड, आणि लाकडावर कुणाकडून इसार उचलला असशील तर परत कर, ती रक्कम मी देतो, घरात कुणाला कळणार नाही. चढायचा दोर, पट्टा आणि दोन हेल्मेट यांचेही पैसे पाठवतो, ते उसने समज किंवा समजू नकोस. वादळाचे दिवस जवळ आले आहेत. दुपारनंतर आभाळ भरलं की काम अर्धवट असलं तरी खाली उतर, आणि उतरलास की आईला एक फोन करत जा.

तुझा,
मामा