शेतावरील सौरपंप आणि वीज कंपनीचा हिशेब

विहिरीवर सौरपंप बसविला की शेतकऱ्यास दिवसा ओलित करता येते, हा लाभ उघड आहे. रात्रीच्या पाळीची वीज घेऊन हरभऱ्यास पाणी देणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. परंतु त्याच पंपामुळे महावितरण कंपनीचाही खर्च वाचतो. तो किती वाचतो, हे गावोगावी भिन्न असते.

प्रथम एक ढोबळ हिशेब पाहावा. यातील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. पाच अश्वशक्तीच्या पंपास 5 किलोवॅटचे सौरपट्ट लावले आणि स्वच्छ दिवशी दर किलोवॅटमागे 4 युनिट वीज मिळाली, तर रोजची वीज 20 युनिट होते. वर्षात ओलिताचे 120 दिवस धरल्यास 2,400 युनिट वापरात येतात. हीच वीज दुरून तारांवाटे आणावयाची, आणि वाटेत शेकडा 15 घट व्हावयाची, तर सुमारे 2,824 युनिट पाठवावे लागतात. म्हणजे शेतावर वापरलेल्या विजेखेरीज आणखी 424 युनिटांची बचत झाली.

घटीचा हा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. तारेतील प्रवाह निम्मा झाला की उष्णतेच्या रूपाने होणारी घट चौथाईवर येते. म्हणून ज्या वाहिनीवर रब्बीत सर्व पंप एकदम सुरू होतात व रोहित्रावर अतिभार येतो, तेथील सौरपंप कंपनीस अधिक मोलाचा ठरतो. शेत खांबांपासून दूर असेल, तर नवे खांब, तारा व रोहित्र यांचा खर्चही टळतो. मात्र शेतकऱ्याने जुनी जोडणी ठेवून रात्री पूर्वीप्रमाणेच पंप चालविला, तर हिशेबातील बचत कागदावरच राहते.

ओलित नसलेल्या दिवसांचे काय? वरुड-मोर्शीकडील संत्रा बागांत आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून ताण देतात. त्या काळात ऊन चांगले असते, पण पंप बंद असतो. वर्षात आणखी 180 स्वच्छ दिवस असे गेले, तर वरील हिशेबाने 3,600 युनिट वाया जातात, म्हणजे वापरलेल्या विजेच्या दीडपट! योग्य नियंत्रक जोडल्यास त्यावर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालविता येते. त्यातून शेतकऱ्यास लाभ होतो. कंपनीस तो तेव्हाच, जेव्हा ते यंत्र पूर्वी तिच्या विजेवर चालत असे.

2024 मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पट्ट विहिरीपाशी असतात. 2017 च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत मात्र उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीस वीज पुरवितात. तेथे एकाचा पंप बंद असला तरी दुसऱ्याचा चालतो, त्यामुळे वीज सहसा वाया जात नाही. पण उपकेंद्रापासून विहिरीपर्यंतच्या तारांतील घट राहतेच. शिवाय भर उन्हातील युनिट आणि दिवेलागणीचे युनिट यांची किंमत सारखी नसते. सायंकाळी घरोघरी विजेची मागणी वाढते, तेव्हा साठवणुकीची सोय नसलेले पट्ट निरुपयोगी असतात.

यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ पंपांची संख्या नोंदवू नये. पंप कोणत्या महिन्यांत व किती तास चालतो, कोणत्या रोहित्रावर आहे, जुनी जोडणी चालू आहे काय, याची विचारपूस करावी. अकोला जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी क्षारयुक्त असते व ओलित बव्हंशी शेततळ्यांवर अवलंबून राहते. शेततळे आटले की पंप थांबतो. तेथे 120 दिवस धरणे चुकीचे होईल. उलट वरुड-मोर्शीत पाण्याचा उपसा आधीच भारी आहे. तेथे फुकटच्या उन्हावर पंप दिवसभर चालू लागला आणि विहिरीची पातळी खाली गेली, तर तेवढेच पाणी वर काढण्यास अधिक वीज लागेल. ती वाढही हिशेबात धरावयास हवी.