भुरीचं पाणी

भुरी गेली त्या वर्षीचं कालनिर्णय मी अजून जपून ठेवलंय. त्यात सगळं आहे. सिलिंडर कधी लागलं, दूध कोणत्या दिवशी आलं नाही, कूलरच्या ताट्या कधी बदलल्या. भुरी माजावर कधी आली, ते मात्र कुठेच नाही.

पावसाळ्यात नाल्याकाठी सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू ते. अंगभर गोचीड, पोट नगाऱ्यासारखं. चार दिवस ठेवू म्हणून आणलं आणि नऊ वर्षं राहिलं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिला अंगणातच बांधायला लावलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या ताटातली पोळी तूप लावून तिला भरवत बसल्या होत्या. फटाके वाजले की भुरी देवघरात शिरायची, आणि सोवळं-ओवळं पाळणाऱ्या आमच्या घरात तिला कोणी उठवत नसे.

नसबंदीचा विषय दोनदा निघाला. “घरातच तर राहते, काहून कापाकापी करता?” शेजारच्या काकू म्हणाल्या. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. नसबंदी म्हणजे पिल्लं नकोत म्हणून करायची गोष्ट, एवढंच माझ्या डोक्यात.

मग तो मे महिना आला. नागपूरचा, पारा 45 च्या आसपास. भुरीचं भांडं दुपारपर्यंत रिकामं व्हायचं, आम्ही ते पुन्हा भरायचो. उन्हाळा आहे, पाणी पिणारच! रात्री तिनं दोनदा हॉलमध्ये लघवी केली तेव्हा मी तिच्यावर ओरडले. ती कान पाडून कोपऱ्यात गेली. ते कान अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. जेवण अर्धं टाकायला लागली, तेही उन्हावरच ढकललं. उलट्या सुरू झाल्या तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, “शेवटची माजावर कधी आली होती?” आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

सोनोग्राफीत गर्भाशय पुवानं भरलेलं दिसलं. पायोमेट्रा. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली, पण विष रक्तात भिनलं होतं. पहाटे ती गेली.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. माज संपल्यावरही साधारण दोन महिने कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन चढंच असतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यात जंतू वाढतात. त्यांच्या विषामुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी वाढते, म्हणून तहान. गर्भाशयाचं तोंड उघडं असलं तर पू बाहेर येतो, निदान कळतं तरी. भुरीचं बंद होतं. बाहेर दिसत होतं ते फक्त पाणी.

म्हणून कुत्री पाळणाऱ्या प्रत्येकाला मी भांडं मोजायला सांगते. लिटरच्या बाटलीनं भरा, रात्री उरलेलं वजा करा. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर पाणी जात असेल तर ऋतूवर ढकलू नका. भुरी अठरा किलोंची. अठराशे मिली ही तिची धोक्याची रेघ होती, आणि आम्ही तर ते भांडं दिवसातून चारदा भरत होतो. माजाची तारीख दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. त्यानंतरच्या दोन महिन्यांत तहान, उलटी, सुस्ती, भूक मोडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि कुत्री धडधाकट असतानाच नसबंदी करून टाका. रस्त्यावरची मोठी कुत्री घरी आणलीत तर आधी तिचा कान बघा. टोक कापलेलं असेल तर बहुधा ते काम आधीच झालेलं असतं.

काकू परवा म्हणाल्या, “तिचं आयुष्यच तेवढं होतं.” त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. मी मान हलवली, पण मला ते मान्य नाही.

तिचं भांडं आता फाटकाबाहेर असतं, गल्लीतल्या कुत्र्यांसाठी. सकाळी बाटलीनं भरते. रात्री किती उरलं, ते वाकून बघते.